वाचनालयामागची खोली

बँकेतून निवृत्त झाल्यावर स्वयंसेवकांसाठीचा समुपदेशनाचा कोर्स केला. तेव्हापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर बुधवारी आणि शनिवारी बसते. आम्ही पैसे घेत नाही. तेवढ्यावर लोक येतील, अशी माझी समजूत होती.

१. बोर्डानंच माणसं पळतात.

पहिल्या दोन महिन्यांत चार जण आले. त्यातले दोघे पुस्तकांची वर्गणी विचारायला. बाहेर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘मानसिक आरोग्य केंद्र (मोफत)’. ठाण्यात हे शब्द जरा जास्तच जड पडतात. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. कुणी विचित्र वागलं की ‘याला ठाण्याला पाठवा’ असं मुंबईकर अजूनही सहज म्हणून जातात. त्यातून आमचं दार नेमकं वाण्याच्या दुकानासमोर! मग बोर्ड बदलून ‘मुलांचा अभ्यास, घरातले प्रश्न : बोलायला या’ असा केला. ते दार बंद केलं आणि जायची वाट वाचनालयातून ठेवली. आता बायका काखेत कादंबरी मारून येतात. काही जणी ती वाचतातही.

२. फी नसली तरी खर्च असतोच.

चार घरची कामं करणारी बाई दुपारी आली, तर तिचं एक घर बुडतं. लेकीला घेऊन यायचं तर रिक्षाचे पैसे, आणि सासूला काय सांगून निघायचं हा प्रश्न वेगळाच. इतकी वर्षं बँकेत जमाखर्च मांडूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता आम्ही संध्याकाळी सहा ते नऊ बसतो.

३. मुलाला ‘सोडून’ जाणाऱ्या आईबापांना आधी बसवा.

गॅरेजमध्ये स्कूटर सोडावी तशी मुलं सोडून जातात. “मॅडम, याला जरा समजवा. दहावी आहे, आणि चोवीस तास मोबाइल!” असाच एक मुलगा (ओळख पटू नये म्हणून थोडे बदल केले आहेत) तीन बुधवार भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला. मीही गप्प बसले, जे मला अजिबात जमत नाही. चौथ्या वेळी मी त्याला घराचा नकाशा काढायला सांगितलं. त्यानं एक चौकोन काढला. दहा बाय बाराची खोली. त्यात सहा माणसं, कोपऱ्यात आजोबांचा खोकला, समोर टीव्ही. मग पेन्सिलीनं एक ठिपका काढून म्हणाला, “हा मी. इअरफोन घातला की खोली माझी.” भांडण मोबाइलचं नव्हतंच. वडिलांना बोलावून तो कागद नुसता समोर ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, “माझा ठिपका काढलाच नाही यानं.” मग एकदम हसले. त्या वर्षी वाचनालयाचा हॉल परीक्षेपर्यंत रात्री अकरापर्यंत उघडा ठेवायची परवानगी आम्ही मिळवली. समुपदेशनाच्या पुस्तकात किल्ली मागायचं प्रकरण नसतं.

४. सल्ला द्यायला जीभ शिवशिवते, तेव्हा पाणी प्यावं.

एका नव्या लग्नाच्या मुलीला मी म्हणून गेले, “चार दिवस माहेरी जाऊन ये गं.” ती गेली. माहेरच्यांनी आठवडाभरात परत पाठवली आणि सासरी ‘त्या बाईंनी शिकवलं’ असा बोभाटा झाला. ती पुन्हा आली नाही. आमच्या सुपरव्हिजनला येणाऱ्या मानसतज्ज्ञांनी एवढंच विचारलं, “तिनं विचारलं होतं का?” नव्हतं.

सुपरव्हिजन मात्र हवीच. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, या क्षेत्रातलं शिक्षण नसलेल्या माणसांना शिकवून समुपदेशक म्हणून बसवलं. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना त्याचा चांगला उपयोग झाला, हे २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं. आमच्यासारख्यांना तो मोठाच धीर. पण त्या माणसांवर सतत कुणाची तरी नजर होती, हा अर्धा भाग सांगायला लोक विसरतात.

५. ‘कुणाला सांगणार नाही’ हे वचन अर्धंच द्यावं.

अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवावंच लागतं. हे पहिल्याच दिवशी सांगून टाकते. मुलं गप्प होतील अशी भीती होती, पण उलट विचारतात, “म्हणजे बाकीचं नाही ना सांगणार?”

६. मरणाचा विषय मरणाच्याच शब्दांत काढावा.

‘काही वेडंवाकडं मनात येतं का?’ असं गुळमुळीत विचारलं की उत्तरही गुळमुळीत येतं. “जीव द्यावासा वाटतो का?” हे विचारायला मला दोन वर्षं लागली. घरचे पोलीस केसच्या भीतीनं प्रयत्न झाल्याचं लपवतात. अशा वेळी त्यांना २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम ११५ सांगते : उलट सिद्ध होत नाही तोवर ती व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरायचं, आणि तिला शिक्षा करायची नाही. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीबेरात्रीसाठी त्यांच्या फोनमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून घेते. आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी देऊन पाठवत नाही, पहिल्या वेळी ओपीडीच्या रांगेत सोबत उभी राहते. चिठ्ठ्या पर्समध्येच राहतात, हे अनुभवानं कळलंय.

७. जुना पंखा बदलू नये.

आमच्या खोलीतला पंखा खडखडतो, म्हणून आतलं बोलणं बाहेरच्या बाकावर ऐकू जात नाही. गेल्या वर्षी एका सद्गृहस्थांनी बिनआवाजाचा नवा पंखा दिला. त्यांचे आभार मानून आम्ही तो वाचनालयात लावला.