गाडी ‘लो’ करायची आहे? आधी टेप घेऊन खाली वाका

उत्तर आधी देतो. घरात एकच गाडी असेल आणि तीच रोज ऑफिसला, शाळेला, बाजाराला आणि सणासुदीला गावी जात असेल, तर ती खाली बसवू नका. दुसरी गाडी दारात असेल, रस्ता बराचसा हायवेचा असेल आणि खिशात चाळीस-पन्नास हजार मोकळे असतील, तर २० ते २५ मिलीमीटरपर्यंत विचार करायला हरकत नाही. त्याखाली जाऊ नका. गॅरेजवाला ‘पस्तीस-चाळीस बसवू, मस्त दिसेल’ म्हणेल. दिसेलही. पण रोज चालवणार तुम्ही आहात.

आधी मोजमाप

मारुती स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी, होंडा सिटीचा १६५, बलेनोचा १७०. हे आकडे रिकाम्या गाडीचे आहेत. चार माणसं आणि डिकीत दोन बॅगा टाकल्या की गाडी सहज तीन-साडेतीन सेंटिमीटर बसते. म्हणजे स्विफ्ट १२८ वर आली. आता त्यातून ३५ मिमी लोअरिंगचे वजा करा. उरले ९३. बोटाच्या पेरांनी मोजा, चार बोटं आणि वर थोडं.

आता स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. ९३ मिमीची गाडी त्यावरून जाईल का? हळू नेलीत तर जाईल. गाडी बरोबर मध्यावर असते तेव्हा पुढची-मागची चाकंही त्याच उंचवट्यावर असतात, त्यामुळे पोटाखाली प्रत्यक्षात साडेचार सेंटिमीटरच वर आलेले असतात. अडचण या स्पीडब्रेकरची नाही. अडचण आहे सोसायटीच्या गेटवर, शाळेसमोर, गावाच्या वेशीवर कुणीतरी डांबर किंवा सिमेंट ओतून केलेल्या वरंब्याची. तो फूट-दीड फूट रुंद आणि बारा-पंधरा सेंटिमीटर उंच. पुढची चाकं उतरलेली, मागची चढायची बाकी आणि वरंबा सगळ्या उंचीनिशी मध्ये उभा. बारा सेंटिमीटरच्या वरंब्यावरून मूळ उंचीची भरलेली स्विफ्ट जेमतेम निघते. बसवलेली घासतेच.

बेसमेंटचा रॅम्पही तपासा. स्विफ्टचा व्हीलबेस २४५० मिमी. पोट सपाट धरलं तर १२८ मिमीवर ही गाडी माथ्यावरचा जवळजवळ १२ अंशांचा मोड पार करते, ९३ मिमीवर पावणेनऊच्या आसपास. सहा फूट पुढे गेल्यावर एक फूट चढणारा रॅम्प साडेनऊ अंशांचा होतो. म्हणजे आज कुरकुर न करता वर येणारी गाडी लोअरिंगनंतर माथ्यावर टेकणार. पार्किंग बदलता येत नाही, हे लक्षात ठेवा.

एक रुपयाही न घालवता करता येणारी चाचणी सांगतो. जुन्या रबरी मॅटच्या तीन-चार पट्ट्या कापा. गाडीखाली पुढच्या क्रॉसमेंबरला, म्हणजे पुढच्या चाकांच्या मधल्या आडव्या लोखंडी भागाला, गाडीच्या सर्वांत खालच्या पातळीपासून ३५ मिमी खाली लोंबतील अशा पक्क्या बांधा. सायलेन्सर आणि फिरणाऱ्या भागांपासून लांब. दोन आठवडे नेहमीसारखी गाडी वापरा, एकदा घरच्या सगळ्यांना घेऊन जा. मग पट्ट्यांच्या कडा बघा. कडा कुरतडलेल्या दिसल्या तर तिथे उद्या तुमचं ऑइल संप असणार आहे. ही चाचणी पावसाळ्यात केलीत तर उत्तमच. जुलैत खड्ड्यात पाणी भरलेलं असतं, खोली दिसत नाही, आणि गाडीला खरा मार तेव्हाच बसतो.

तीन मार्ग, तीन भाव

खालचे दर हॅचबॅक आणि छोट्या सेडानचे, शहरातले, ढोबळ आहेत. तुमच्या गाडीसाठी दोन ठिकाणी लेखी कोटेशन घ्याच.

पहिला मार्ग, कॉइल कापणे. मजुरी दीड ते तीन हजार, तासा-दोन तासांचं काम. हा करू नका. किती कमी कापली, कुणी कापली, यानं काही फरक पडत नाही. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला की उरलेली स्प्रिंग वीस टक्के कडक होते, म्हणजे प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्यापर्यंत पोचतो. त्याहून वाईट म्हणजे कापलेलं टोक शॉकअपच्या बशीत नीट बसत नाही. चाक हवेत लोंबलं, म्हणजे जॅक लावला किंवा खड्ड्यातून उडालं, की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. काही जण कापायच्या ऐवजी गॅसने तापवून बसवतात. ते आणखी धोक्याचं. तापवलेल्या पोलादाचा ताव जातो, पुढे ती स्प्रिंग दबत राहते किंवा तुटते.

दुसरा मार्ग, तुमच्या मॉडेलसाठी बनवलेल्या लोअरिंग स्प्रिंगांचा चार नगांचा सेट. देशी-परदेशी मिळून बारा हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. करायचंच असेल तर हा मार्ग.

तिसरा, कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमीजास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा पूर्ण संच. साठ हजारांपासून सुरुवात, दीड लाख आणि पुढे. रोजच्या गाडीला याची गरज नाही. धूळ-चिखलात उंचीचे आटे जाम होतात आणि दर पावसाळ्यानंतर ते सोडवून साफ करण्याचा खर्च वेगळा.

वीस हजारांचे पन्नास कसे होतात

दुकानात तुम्हाला फक्त स्प्रिंगांचा भाव सांगतात. वीस हजार धरा. बसवायची मजुरी तीन ते सहा हजार. पुढचा स्ट्रट उघडला की टॉप माउंट, बम्प स्टॉप, लिंक रॉड झिजलेले निघतात. गाडी साठ हजार किलोमीटर चालली असेल तर निघणारच. ते चार ते आठ हजार. व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग आठशे ते दीड हजार, आणि हे दोनदा. एकदा काम झाल्यावर लगेच, आणि तीनशे-चारशे किलोमीटरनंतर स्प्रिंगा बसल्या की पुन्हा. दुसऱ्या वेळचं कुणी सांगत नाही, आणि टायर तिथेच जातात.

मोठा आकडा शॉकअपचा. मूळ शॉकअपला खाली दबायला समजा ८० मिमी जागा होती. तुम्ही ३५ मिमी आधीच खाऊन टाकलेत. उरलेल्या ४५ मध्ये तो रोज खालच्या टोकाला आपटतो आणि वर्षा-दोन वर्षांत गळायला लागतो. चारही बदलायचे म्हणजे बारा ते वीस हजार, शिवाय तीच मजुरी पुन्हा. म्हणून जुन्या शॉकअपवर नव्या स्प्रिंगा टाकू नका. दोन्ही एकदम बदला, मजुरी एकदाच द्या. वेळेचं म्हणाल तर सकाळी गाडी दिली तर संध्याकाळी मिळते. गंजलेले बोल्ट निघाले नाहीत तर दुसरा दिवस धरा, आणि बोल्ट कापायचे वेगळे पैसे लागणार का ते आधीच विचारून घ्या.

टायरचा हिशेब वेगळा ठेवा. गाडी खाली आली की चाकं वरच्या बाजूला आत झुकतात. ठरावीक मर्यादेपलीकडे हा झुकाव अलाइनमेंट मशीनवर निघत नाही, कारण बऱ्याच गाड्यांना कारखान्यातून तो नीट करायची सोयच नसते. त्यासाठी वेगळे कॅम्बर बोल्ट लागतात. अशी एक गाडी मी रॅम्पवर चढवलेली पाहिली आहे. बाहेरून टायर जवळजवळ नवा, खाचांमध्ये नख रुतत होतं. मेकॅनिकने चाक पूर्ण वळवून आतली कड दाखवली. दोन बोटं रुंदीचा गुळगुळीत पट्टा, आणि त्यातून बारीक तारा बाहेर आलेल्या. मालक त्याच टायरवर आदल्या दिवशी घाट उतरून आला होता. तुम्ही दर महिन्याला हात घालून आतली कड चाचपा. वरवर बघून हे कळत नाही. एक टायर पाच ते सात हजारांना पडतो.

कागदपत्रं

आरसीवर ग्राउंड क्लिअरन्सचा रकाना नसतो. म्हणून ‘आरटीओचा काही प्रश्न नाही’ असं सांगितलं जातं. एवढ्यावर विसंबू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची माहिती उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. स्प्रिंग बदलली म्हणजे गुन्हा झालाच असं सरळ म्हणता येत नाही. पण रस्त्यावर अडवलं तर वाद तुमच्या अंगावर येतो. आपल्या आरटीओत लेखी अर्ज देऊन विचारा आणि पोचपावती घ्या. गाडीला पंधरा वर्षं होत आली असतील तर नूतनीकरणाच्या तपासणीत निरीक्षक गाडी खालूनही बघू शकतो, हेही धरून चाला.

विम्याचं जास्त महत्त्वाचं. बदल न कळवता केला आणि पुढे अपघात झाला, तर सर्व्हेअरच्या अहवालात तो येतो आणि दावा अडतो. काम करण्याआधी कंपनीला ईमेल करा, स्प्रिंगांचा ब्रँड, पार्ट नंबर, किती मिमी ते लिहा, आणि पॉलिसीवर नोंद करून मागा. फोनवरचं ‘चालेल साहेब’ उपयोगाचं नाही. आणखी एक. दगडावर ऑइल संप फुटलं, दिवा लागूनही गाडी तशीच चालवली आणि इंजिन जाम झालं, तर साध्या पॉलिसीत इंजिनाचं हे पुढचं नुकसान मिळत नाही. इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन घेतलं असेल तरी त्यातल्या अटी वाचा. खाली ठोका बसला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, खाली तेलाचा थेंब पडतोय का बघा, आणि पडत असेल तर टो करूनच न्या.

गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शनची वॉरंटी गेली असं समजा. शोरूममध्ये तोंडी विचारू नका, लेखी विचारा.

गॅरेजमध्ये उभं राहून काय बघायचं

सुटे भाग पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला भाव करून मिळतात, पण स्प्रिंगांच्या बाबतीत पॅकिंग, पार्ट नंबर आणि जीएसटीचं पक्कं बिल याशिवाय पैसे देऊ नका. ‘बिलाशिवाय घेतलंत तर दोन हजार कमी’ हा सौदा महागात पडतो. स्प्रिंग तुटली तर दाखवायला हातात काहीच उरत नाही, आणि विमा कंपनीला पाठवायलाही कागद नसतो.

काम सुरू होण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून फोटो काढा. नंतर पुन्हा मोजा. डाव्या-उजव्या बाजूत पाच मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर गाडी घेऊन बाहेर पडू नका.

आणि हे एक वाक्य मेकॅनिकला आवर्जून सांगा: ‘लोअर आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे टाइट करा.’ घाईत ते गाडी लिफ्टवर लोंबत असतानाच आवळले जातात. मग गाडी खाली येताच आतलं रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि काही महिन्यांत फाटतं. खडखड सुरू होते, दोष स्प्रिंगांना दिला जातो, आणि बुशचे पैसे तुम्ही भरता. हे ऐकून मेकॅनिकने मान डोलावली तर काम येणारा माणूस आहे. ‘काही फरक पडत नाही’ म्हणाला तर किल्ली परत घ्या.

नक्की हवं काय आहे?

वळणावर गाडी कलते, हायवेला तरंगल्यासारखी वाटते, ही तक्रार असेल तर उंचीला हात न लावता ती बरीच कमी होते. थकलेले शॉकअप बदला, चांगले टायर टाका, हवेचा दाब दाराच्या स्टिकरवर दिलाय तेवढा ठेवा. वीस-तीस हजारांत गाडी नव्यासारखी धरून चालते आणि कायदा, विमा, रॅम्प यांपैकी कशाचीच चिंता नाही. मायलेजसाठी कुणी लोअरिंग सुचवत असेल तर सोडून द्या, शहराच्या वेगात तो फायदा हाताला लागत नाही. आणि फक्त चाकावरची मोकळी जागा डोळ्यांना खुपत असेल, तर वीस मिमीतही ती पुष्कळ भरते.

सगळं तपासून करायचंच ठरवलंत, तर निघताना मूळ स्प्रिंगा मागून घ्या. गॅरेजवाला ‘राहू द्या इथेच, भंगार आहे’ म्हणतो. देऊ नका. गाडी विकताना बहुतेक गिऱ्हाइकांना मूळ उंचीचीच गाडी हवी असते, आणि चार नव्या कंपनी स्प्रिंगा घ्यायला गेलात तर पुन्हा हजारो रुपये जातात. प्रत्येकीवर मार्करने पुढची-डावी, मागची-उजवी असं लिहा, ग्रीस लावा, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा.