विमानाच्या पंखावरचा बर्फ आणि स्टीलचा पेला



एरंडोलच्या मुलांनी बर्फ पाहिलेला असतो तो गोळ्याच्या गाडीवर. पण परदेशातले काका-मामा हिवाळ्यात फोनवर सांगतात, "विमानावर फवारणी चालली होती, म्हणून उशीर झाला." ही फवारणी कशाला? 'गोठणे' शिकवताना हा प्रश्न जरूर घ्या.

मुलांना काय सांगाल?

विमान उचललं जातं ते पंखावरून नीट वाहणाऱ्या हवेमुळे. पंखावर खरखरीत सॅंडपेपरसारखा बर्फाचा पातळ थर जरी बसला, तरी उचलणारं बल 30 टक्क्यांपर्यंत घटू शकतं आणि हवेचा अडथळा 40 टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. म्हणून ग्लायकॉल आणि पाण्याचं गरम मिश्रण फवारून बर्फ काढतात. ग्लायकॉलमुळे पाणी शून्याखालीही लवकर गोठत नाही. हे काम मीठही करतं, पण मिठाने धातू गंजतो. बर्फ पडतच असेल तर वरून दाट द्रवाचा दुसरा थर देतात. तो बर्फाला काही वेळ थोपवतो आणि विमान धावू लागलं की वाऱ्याने निघून जातो.

इथे 'काही वेळ' हा शब्द महत्त्वाचा. 13 जानेवारी 1982 रोजी वॉशिंग्टनमध्ये एअर फ्लोरिडाच्या विमानावर फवारणी झाली होती. पण उड्डाणाला त्यानंतर सुमारे 49 मिनिटं लागली आणि बर्फ पडतच होता. इंजिनाची बर्फरोधक यंत्रणाही बंद होती. धावपट्टीवर सहवैमानिकाने आकडे बरोबर वाटत नसल्याचं बोलून दाखवलं, तरी उड्डाण थांबलं नाही. विमान पुलावर आदळून पोटोमॅक नदीत कोसळलं. पुलावरच्या चौघांसह 78 माणसं गेली.

वर्गात करून पाहा

1. स्टीलच्या पेल्यात तीन भाग बर्फाचा चुरा आणि एक भाग खडेमीठ घालून ढवळा. कुल्फीवाला हेच करतो.
2. पेला बाहेरून ओल्या फडक्याने पुसा. थोड्या वेळात पांढरा थर धरेल. पेन्सिलीने खरवडून खरखरीतपणा बघू द्या. ओलं बोट लावू देऊ नका, ते चिकटतं.
3. त्यावर चमचाभर कोमट पाणी सोडा. थर जाईल. आता थांबा, तो परत येतो का ते बघा.

उंचावरच्या थंडीतून उतरलेल्या विमानाच्या पंखातलं इंधन असंच गार असतं. त्यामुळे बाहेरची हवा शून्याच्या वर असूनही पंखावर बर्फ धरू शकतो. बर्फ कधी काचेसारखा पारदर्शक असतो, नुसत्या नजरेला दिसत नाही. म्हणून पंख हाताने चाचपूनही पाहतात.

चर्चेसाठी प्रश्न

- एकदा तपासलेलं पुन्हा केव्हा तपासायचं?
- मोठ्यांचं काही चुकतंय असं वाटलं, तर कसं सांगायचं? आणि सांगून ऐकलं नाही, तर?

दुसऱ्या प्रश्नाला घाई करू नका. मुलांना बोलू द्या. आपण मोठी माणसं त्यांचं किती ऐकतो, तेही त्या तासाला कळेल.