शालेय परसबाग : नेतृत्व आणि वाटून घेतलेले काम

जून महिन्यात वाफे करून मेथी पेरणे बहुतेक शाळांना जमते. महिन्याभरात ती काढणीस येते, मुले हरखून जातात आणि शालेय पोषण आहाराच्या ताटात ताजी भाजी पडते. परंतु तीच बाग मे महिन्यात पाहावी. शाळेस सुटी, फाटकास कुलूप आणि वाफ्यांच्या जागी भेगाळलेली माती, हे दृश्य धाराशिव जिल्ह्यातील शिक्षकांस अपरिचित नाही.

याचा दोष सहसा पाण्यास दिला जातो. जिल्हा अवर्षणप्रवण आहे, हे खरेच. तथापि हात धुतलेले पाणी सरीने वाफ्यात सोडता येते, पालापाचोळ्याचे आच्छादन घालून ओल टिकविता येते, आणि शेवगा व कढीपत्ता यांसारखी झाडे एकदा मुळे धरल्यावर थोडक्या पाण्यावर तग धरतात. पाणी असूनही जेथे बाग वाळते, तेथे कारण बहुधा निराळे असते. बाग एकाच उत्साही शिक्षकाच्या खांद्यावर उभी असते. बियाणे तोच आणतो, पीक तोच ठरवितो, रोपे मेली तर तोच हळहळतो. त्याची बदली झाली की बागेचीही बदली होते. मात्र ती कोठे गेली, हे कोणास सांगता येत नाही.

पुढारपण कसे वाटावे, याचे उदाहरण शोधावयास फार दूर जाण्याचे कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे उद्ध्वस्त केली. पुनर्वसनाच्या काळात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना संवाद सहायक म्हणून उभे केले. घरदुरुस्तीची माहिती कुटुंबांना देणे आणि कुटुंबांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेणे, हे त्यांचे काम. पुढे दुष्काळाच्या वर्षांत याच संस्थेच्या प्रयत्नांतून एक एकर शेतीची पद्धत या भागात रुजली. घरच्या जमिनीतील सुमारे एक एकर तुकडा स्त्रीकडे सोपवावयाचा आणि तेथे तिने धान्य, कडधान्य व भाजीपाला यांची मिश्र लागवड सेंद्रिय खतावर करावयाची. संस्थेच्या कार्यास २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

या प्रयोगातील मर्म शिक्षकांनी नीट पाहावे. स्त्रिया शेतात राबत नव्हत्या काय? खुरपणी, वेचणी, काढणी ही कामे पिढ्यान्‌पिढ्या त्यांचीच होती. नवीन आला तो निर्णय. काय पेरावे, घरात किती ठेवावे, बाजारात किती न्यावे, हे त्या तुकड्यापुरते तिने ठरवावयाचे. श्रम तेच राहिले, परंतु आता ती त्या तुकड्याची कर्ती झाली.

हीच कसोटी शाळेच्या बागेस लावली तर काय आढळते? मुलांकडे कुदळ दिली जाते, निर्णय दिला जात नाही. मग ती मजुरीच होय, आणि मजूर सुटीच्या दिवशी येत नाही. तिसरी ते सातवीची पाच-सहा मुले मिळून एक गट करावा व एक वाफा पूर्णपणे त्याच्या स्वाधीन करावा. गटाने मेथी दाट पेरली तर शिक्षकाने ती हळूच विरळ करण्याचा मोह आवरावा. हा मोह मोठा असतो, विशेषतः बागांच्या स्पर्धेची तपासणी जवळ आली असता. दाट मेथी बारीक राहिलेली मुलांनी स्वतः पाहिली म्हणजे पुढील पेरणीस निराळे सांगावे लागत नाही.

गटनायक दर महिन्यास बदलावा. जुन्या नायकाने नव्यास वाफ्यावर नेऊन काय राहिले आहे ते दाखवावे आणि वहीत लिहावे. नायकाकडे हुकूम देण्याचे काम नसून कोणते काम पडून आहे हे पाहण्याचे असते, हे मुलांस कृतीतून समजते. आणखी एका गोष्टीकडे डोळा असावा. झाडलोट व पाणी आणणे मुलींकडे, आळे खोदणे मुलांकडे, अशी वाटणी कोणी न ठरविताच होऊन बसते. खतखड्ड्याचे काम नेहमी त्याच दोघा-तिघांच्या वाट्यास येते काय, हेही वही उघडून पाहावे. आलटून पालटून कामे आली नाहीत, तर गट नावापुरताच उरतो.

सुटीचा प्रश्न मात्र मुलांवर टाकून चालणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात. तिची बैठक एप्रिल संपण्यापूर्वी बागेतच घ्यावी. ‘सर्वांनी लक्ष ठेवावे’ असा ठराव करू नये. जे सर्वांचे असते ते कोणाचेच नसते. शाळेजवळच्या घरांशी बोलून, कोणत्या वारी कोणते घर पाणी घालणार हे नेमून घ्यावे. एखाद्या आजीने मंगळवार पत्करला, तर त्या दिवशीच्या शेवग्याच्या शेंगा तिच्या घरी जाव्यात. तिने कोथिंबीर लावावी म्हटले, तर एक कोपरा तिचा असावा. किल्ली कोणाकडे राहील, हेही त्याच बैठकीत ठरावे. ते राहून गेल्यास घागर भरून आलेली बाई फाटकावरून परत जाते.

फार पाणी लागणाऱ्या पालेभाज्या मार्चपर्यंत काढून घ्याव्यात आणि सुटीसाठी मोजकी झाडेच राखावीत. बदली झालेल्या शिक्षकाने कार्यभार सोपविताना हजेरीपटाबरोबर बागेची वहीही द्यावी, व शक्य तर ती गटनायकांच्या हस्ते नव्या शिक्षकाकडे जावी.