चूक मोजता आली पाहिजे

(शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

पाठाचा हेतू : अवकाश संशोधनातील काही ठळक चुका, त्यांची कारणे आणि त्यांची दुरुस्ती यांची माहिती करून घेणे; आणि मुलांच्या चुकांकडे कसे पाहावे याचा विचार करणे.

ता. ७ सप्टेंबर २०१९ च्या मध्यरात्रीनंतर घरोघरी दूरदर्शन संच चालू होते. चांद्रयान-२ मधील 'विक्रम' हा लँडर चंद्रावर उतरायचा होता. मुलांनी हट्टाने जागरण केले होते. चंद्रापासून २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सारे ठरल्याप्रमाणे चालले आणि मग विक्रमकडून संदेश येणेच थांबले. त्यानंतरच्या रविवारी आमच्या वर्गात एका मुलाने विचारले, "सर, एवढे मोठे शास्त्रज्ञ, मग ते चुकले कसे?" आम्ही "अपयश ही यशाची पहिली पायरी असते" असे सांगून वेळ मारून नेली. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. पायरीवर नुसते बसून राहिले तर कोणी वर जात नाही. वर कसे जायचे, हे आम्ही त्याला सांगितलेच नाही. प्रस्तुत पाठ म्हणजे त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर होय.

१. विक्रम का पडला?

प्रथम हे ध्यानात घेऊ की चंद्रावर हवा नाही. म्हणून तेथे पॅराशूट उघडून उतरता येत नाही. सेकंदाला सुमारे १.६ किलोमीटर या वेगाने जाणारे यान इंजिनांच्या उलट्या जोरावर थोपवावे लागते, आणि हे सारे सुमारे पंधरा मिनिटांत उरकावे लागते. पृथ्वीवरून कोणी हात देऊ शकत नाही. यानाने स्वतःच पाहायचे, स्वतःच ठरवायचे आणि उतरायचे.

इस्रोने या अपघाताची चौकशी केली. चांद्रयान-३ निघण्यापूर्वी, जुलै २०२३ मध्ये, इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी तिचे निष्कर्ष उघडपणे सांगितले. कारणे मुख्यतः तीन होती. विक्रमच्या पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा थोडा अधिक जोर दिला, आणि त्यातून होणारा फरक साचत गेला. पुढे यानाला झपाट्याने वळून तो फरक भरून काढायचा होता, पण वळण्याच्या वेगाला त्याच्या संगणकात मर्यादा घातलेली होती. तिसरे म्हणजे उतरण्याची जागा फार लहान, ५०० मीटर लांब व ५०० मीटर रुंद एवढीच ठरवली होती. जमीन जवळ येत असतानाही यान ती जागा गाठण्यासाठी वेग वाढवत राहिले.

शिक्षकांनी येथे थोडे थांबावे. यांपैकी कोणतीही एक चूक एकटी असती तर कदाचित निभावून गेले असते. लहान लहान चुका एकीत एक मिसळत गेल्या आणि त्यांना वाट द्यायला जागाच उरली नाही. घरातल्या हिशेबातही असेच होते. रोजचा दहा रुपयांचा फरक कोणी मांडून ठेवत नाही, आणि महिनाअखेरीस ताळमेळ बसत नाही.

विक्रमचे अवशेष सापडण्याची हकीगतही मुलांना सांगण्याजोगी आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने त्या भागाची छायाचित्रे घेतली व ती सर्वांसाठी खुली केली. चेन्नईच्या एका तरुण अभियंत्याने अपघाताआधीची व नंतरची चित्रे शेजारी शेजारी ठेवून बारकाईने तपासली आणि पूर्वी नसलेला एक ठिपका शोधून काढला. नासाने त्याची खात्री करून घेतली आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्या शोधाचे श्रेय त्याला दिले.

२. पुढच्या खेपेस काय बदलले?

चांद्रयान-३ ता. १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले. त्याची आखणी करताना इस्रोने नेहमीचा प्रश्न उलटा केला होता. 'हे कशाने यशस्वी होईल?' याऐवजी 'यात काय काय बिघडू शकेल, आणि ते बिघडले तरी यान कसे उतरेल?' हा प्रश्न त्यांनी समोर ठेवला. संवेदक बंद पडला तर? इंजिन दगा देईल तर? हिशेब चुकला तर? अशा प्रत्येक 'तर'साठी त्यांनी तजवीज केली.

पाच इंजिनांपैकी मधले एक काढून टाकले. पाय अधिक मजबूत केले, म्हणजे थोडे जोरात आदळले तरी मोडू नयेत. इंधन जास्त घेतले. सौर पत्रे अधिक बाजूंना बसवले, म्हणजे यान कसेही उतरले तरी वीज मिळावी. वेग मोजण्यासाठी लेसरवर चालणारे एक नवे उपकरण घेतले. उतरण्याची जागा सुमारे चार किलोमीटर लांब व अडीच किलोमीटर रुंद केली. यान हेलिकॉप्टरला आणि क्रेनला टांगून पुनःपुन्हा चाचण्या घेतल्या.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. चांद्रयान-२ पूर्णपणे वाया गेले नव्हते. त्याचे चंद्राभोवती फिरणारे यान शाबूत होते व काम करीत होते. त्याच्या कॅमेऱ्याने काढलेली बारीक छायाचित्रे चांद्रयान-३ साठी सुरक्षित जागा निवडताना कामी आली. जे मोडले त्याने धडा दिला, आणि जे उरले त्याने वाट दाखवली.

ता. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात अलगद उतरला. अवघ्या चारच दिवसांपूर्वी रशियाचे लूना-२५ हे यान चंद्रावर आदळले होते. त्याचे इंजिन ८४ सेकंदांऐवजी १२७ सेकंद चालत राहिले होते. एकाच आठवड्यात एकाला हर्ष, एकाला दुःख. दुसऱ्याच्या पडण्यावर हसू नये हे मुलांना शिकवायला याहून चांगला दाखला नाही; आपण स्वतः चार वर्षांपूर्वी त्याच जागी होतो.

विक्रममधून उतरलेली २६ किलो वजनाची 'प्रज्ञान' गाडी सुमारे शंभर मीटर फिरली. वाटेत तिच्यापुढे चार मीटर रुंदीचा खड्डा आला, तेव्हा तिला मागे वळवून दुसऱ्या वाटेने नेण्यात आले. चंद्राच्या मातीत गंधक असल्याचे तिने दाखवून दिले.

३. केसाच्या पन्नासाव्या भागाएवढी चूक

आता थोडे मागे जाऊ. ता. २४ एप्रिल १९९० रोजी हबल दुर्बीण अवकाशात सोडण्यात आली. तिचा मुख्य आरसा २.४ मीटर व्यासाचा. तो घासून गुळगुळीत करण्यात अतोनात श्रम घेतले होते. परंतु पहिली छायाचित्रे आली तेव्हा तारे अंधुक दिसत होते. आरसा कडेला हवा त्यापेक्षा किंचित सपाट झाला होता. किती? माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतका.

चौकशी समितीने नोव्हेंबर १९९० मध्ये अहवाल दिला. आरशाचा आकार तपासणाऱ्या उपकरणातच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या अंतरावर बसले होते. म्हणजे घासणाऱ्यांचा हात चुकला नव्हता. त्यांनी चुकीच्या मापाशी अगदी अचूक जुळेल असा आरसा घडवला होता! याहून दुःखाची गोष्ट अशी, की दुसऱ्या दोन उपकरणांनी काहीतरी बिघडल्याची खूण दाखवली होती. पण ती उपकरणे कमी दर्जाची म्हणून त्यांची साक्ष बाजूला सारली गेली. मुख्य उपकरणावर इतका विश्वास होता की ते कधी चुकेल असे कोणाच्या मनातही आले नाही.

दुरुस्ती कशी झाली ते पाहा. चूक नेमकी केवढी आहे हे मोजता आले होते. म्हणून तेवढ्याच मापाची, पण उलट्या दिशेची वक्रता असलेले लहान आरसे तयार करता आले. डिसेंबर १९९३ मध्ये सात अंतराळवीर एंडेव्हर या यानातून वर गेले आणि पाच वेळा बाहेर अवकाशात येऊन त्यांनी नवी उपकरणे बसवली. दुर्बिणीला जणू चष्मा लागला. पुढे हबलने दशकानुदशके विश्वाची चित्रे पाठवली.

आमच्या मते या पाठाचे मर्म येथे आहे. 'काहीतरी चुकले' एवढेच म्हणून कोणतीही दुरुस्ती होत नाही. कोठे चुकले, किती चुकले, केव्हापासून चुकत आले, हे मोजता आले तरच तिला औषध सापडते. चष्म्याचा नंबर काढल्याशिवाय चष्मा होत नाही.

४. न ऐकलेली सूचना

प्रत्येक चूक मात्र इतकी दयाळू नसते. ता. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे यान उडाले. त्यात हरियाणातील कर्नालची कन्या कल्पना चावला होती. उड्डाणानंतर ८१ सेकंदांच्या सुमारास बाहेरच्या इंधन टाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. खाली असलेल्या काही अभियंत्यांना काळजी वाटली. पंखाची छायाचित्रे घेतली जावीत अशी त्यांनी मागणी केली. ती मागणी वरपर्यंत तडीस गेली नाही. असे तुकडे पूर्वीही सुटले होते, आणि याने सुखरूप परतली होती; म्हणून याही वेळी काही होणार नाही असे धरून चालण्यात आले. ता. १ फेब्रुवारी रोजी परत येताना, जमिनीवर पोचायला सुमारे सोळा मिनिटे उरली असता, त्या पंखाच्या छिद्रातून तप्त वायू आत शिरला आणि यान आकाशातच विखुरले. सातही अंतराळवीर गेले.

चौकशी मंडळाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पष्ट म्हटले की अपघाताला फेसाचा तुकडा जितका जबाबदार आहे, तितकीच संस्थेतील कामाची रीतही जबाबदार आहे. 'आजवर काही झाले नाही' हा सुरक्षिततेचा पुरावा मानला गेला होता. खालच्या माणसाची शंका वर पोचण्याची वाट बुजली होती. २००५ मध्ये उड्डाणे पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून प्रत्येक यानाची अवकाशातच कॅमेऱ्याने तपासणी होऊ लागली. उपाय चांगला होता. पण तो सात जिवांच्या नंतर आला.

५. आधीच चूक शोधणारे

हबल पृथ्वीपासून काहीशे किलोमीटरांवर आहे, म्हणून तिच्यापर्यंत माणूस जाऊ शकला. जेम्स वेब ही दुर्बीण मात्र १५ लाख किलोमीटर दूर राहायची होती. तेथे दुरुस्तीला कोण जाणार? तिचा ६.५ मीटरचा आरसा १८ तुकड्यांचा, आणि टेनिसच्या मैदानाएवढी पाच पदरी छत्री. हे सर्व घडी घालून अग्निबाणात बसवायचे आणि वर गेल्यावर आपोआप उलगडायचे. एक जरी बिघडली तरी सारी मोहीम बुडेल अशा ३४४ जागा त्यात मोजल्या होत्या.

म्हणून चुका जमिनीवरच शोधल्या. २०१८ मध्ये एका चाचणीनंतर छत्रीच्या आवरणाचे स्क्रू व वॉशर सुटून पडलेले आढळले. प्रक्षेपण पुन्हा लांबले, खर्च वाढला, टीका झाली. पण ते स्क्रू जमिनीवर पडले म्हणून वेचता आले. अखेर ता. २५ डिसेंबर २०२१ रोजी, आपण नाताळची उपासना करीत असताना, वेब दुर्बीण झेपावली. ती अडचणीवाचून उलगडली. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानतात. त्याच्या आरंभानंतर सुमारे २९ कोटी वर्षांनी अस्तित्वात असलेली एक दीर्घिका तिने दाखवली, असे २०२४ मध्ये जाहीर झाले.

थांबण्याचे धैर्य आपल्या देशातही दिसले. जानेवारी २०२५ मध्ये दोन उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडण्याचा इस्रोचा प्रयोग दोनदा पुढे ढकलला गेला. उपग्रह तीन मीटरांवर आणून पुन्हा मागे नेले, मिळालेली माहिती तपासली, आणि ता. १६ जानेवारीला जोडणी साधली. त्याच वर्षी जूनमध्ये शुभांशू शुक्ला यांचे उड्डाण अग्निबाणातील प्राणवायूच्या गळतीमुळे थांबवण्यात आले. ती दुरुस्त झाल्यावरच, ता. २५ जून रोजी, ते निघाले आणि ता. १५ जुलै रोजी सुखरूप परतले.

तरीही चूक कायमची जिंकली असे कोणी म्हणू नये. ता. १८ मे २०२५ रोजी इस्रोचा अनुभवी पीएसएलव्ही अग्निबाण तिसऱ्या टप्प्यात बिघडला आणि उपग्रह गमावला. हिशेब पुन्हा मांडावा लागतो. तो कधी बंद होत नाही.

६. आपल्या वर्गासाठी

आम्ही शिक्षक वहीतल्या चुकीवर लाल रेघ मारतो आणि पान उलटतो. मूल रेघ पाहते, चूक पाहत नाही. पुढच्या वेळी ते चूक सुधारण्याऐवजी लपवायला शिकते. आणि लपवलेली चूक हबलच्या आरशासारखी फार दूर गेल्यावर उघडी पडते. म्हणून रागावण्याआधी मुलाला शेजारी बसवून 'नेमके कोठून चुकत गेले ते दोघे मिळून शोधू या' असे म्हणावे. आणि वर्गातील सर्वांत लहान मूल 'सर, फळ्यावरची बेरीज चुकली' असे म्हणाले, तर खडू खाली ठेवून आधी ती बेरीज तपासावी. पंखाकडे बोट दाखवणाऱ्याचे ऐकण्याची सवय लहान वर्गातच लागली पाहिजे.

त्या मुलाला आज आम्ही असे सांगू : बाळ, मोठे शास्त्रज्ञही चुकतात, कारण तीही माणसेच आहेत. त्यांनी आपली चूक मोजली, चारचौघांत सांगितली आणि तिच्यावरून नवे यान बांधले. म्हणून ते चंद्रावर पोचले.

चर्चेसाठी प्रश्न

१) विक्रम पडण्याची तीन कारणे कोणती? प्रत्येकावर चांद्रयान-३ मध्ये कोणता उपाय केला?

२) हबलच्या बाबतीत दोन उपकरणांची साक्ष का नाकारली गेली? आपण कोणाचे म्हणणे 'लहान' म्हणून टाळतो?

३) 'आजवर काही झाले नाही' असे म्हणून आपल्या घरात, शाळेत किंवा मंडळीत कोणत्या गोष्टी तशाच चालू आहेत? विजेची उघडी तार, गच्चीचा मोडका कठडा, न तपासलेला हिशेब, यांपासून आरंभ करावा.

४) कृती : प्रत्येक मुलाने गेल्या परीक्षेतील आपली एक चूक निवडावी आणि ती कोठून सुरू झाली ते चार ओळींत लिहून आणावे. शिक्षकानेही आपली एक चूक लिहून वर्गात वाचावी. त्याने प्रथम वाचावी.