शहरांत सेवेस जाणाऱ्या तरुण संघासाठी नहेम्याचा धडा

शास्त्रभाग: नहेम्या, अध्याय १, २, ३, ५ व १३. पाठ करावयाचे वचन: नहेम्या २:१८.

खेड्यापाड्यांतील पुष्कळ मंडळ्यांत आज तरुण संघ आहेत. उन्हाळ्याची सुटी लागली की त्यांतील काही संघ पाळकांची परवानगी घेऊन, मंडळींतून थोडी वर्गणी जमवून, मुंबईस किंवा पुण्यास आठ दिवस सेवेसाठी जातात. तेथे एखाद्या बालगृहाच्या भिंती रंगवितात, वस्तींतील मुलांस गीते शिकवितात, इस्पितळांत आजाऱ्यांजवळ बसून प्रार्थना करितात आणि परत येतात. ह्याविषयी मंडळींत दोन मते ऐकू येतात. वडील माणसे म्हणतात, "ही सेवेच्या नावाखाली सहल झाली." तरुण म्हणतात, "आम्ही प्रभूचे काम करून आलो." अशा वेळी उपदेशकाकडे दोन्ही पक्ष येतात आणि निवाडा मागतात.

आमचे मत असे की, दोन्ही गोष्टी संभवतात. तोच प्रवास एका संघास नुसती सहल ठरतो आणि दुसऱ्यास खरी सेवा ठरतो. हा भेद त्या आठ दिवसांत पडत नाही. तो आधीच्या व नंतरच्या महिन्यांत पडतो. हे कसे ते पाहण्यासाठी आपण नहेम्याचे पुस्तक उघडू या. तो दूर शूशन येथे राजाचा प्यालेबरदार होता, आणि इ. स. पू. ४४५ च्या सुमारास एका मोडक्या शहराच्या सेवेसाठी निघाला.

१. आधी प्रार्थना, मग प्रवास

यरुशलेमेच्या दुर्दशेची बातमी नहेम्यास किस्लेव महिन्यांत कळली. राजापाशी तो बोलला नीसान महिन्यांत. म्हणजे मध्ये सुमारे चार महिने गेले. त्या काळांत त्याने उपास केला, रडला, प्रार्थना केली, आणि आपल्या लोकांचे पाप आपले म्हणून पदरी घेतले. पुढे तट बांधून पुरा होण्यास फक्त ५२ दिवस लागले (६:१५). तयारीचे दिवस कामाच्या दिवसांहून दुपटीने अधिक होते, ही गोष्ट प्रत्येक संघाने ध्यानांत ठेवावी.

तरुणांच्या संघाचे बळ नित्याच्या साध्या कामांत असते, ह्याचा एक दाखला देतो. अमेरिकेत मेन प्रांतांतील पोर्टलंड शहरी फ्रान्सिस क्लार्क नावाचे पाळक होते. त्यांच्या मंडळींत जागृती झाली आणि पुष्कळ मुलामुलींनी प्रभूस अंतःकरण दिले. परंतु हा उत्साह टिकणार कसा, अशी चिंता पाळकांस लागली. तेव्हा २ फेब्रुवारी १८८१ रोजी त्यांनी आपल्या घरी त्या तरुणांस जमवून ख्रिश्चन एन्डेव्हर ही संस्था काढिली. तिचे नियम थोडे व सरळ होते. दर आठवड्यास प्रार्थनासभेस यावे. सभेत नुसते ऐकत न बसता प्रत्येकाने एखादे वचन, प्रार्थना किंवा साक्ष देऊन भाग घ्यावा. महिन्यांतून एकदा नावे पुकारून प्रत्येकाने आपले समर्पण नवे करावे. कामासाठी लहान लहान कमिट्या नेमिल्या. एकीने नव्या व गैरहजर सभासदांचा शोध घ्यावयाचा, दुसरीने प्रार्थनासभेची व्यवस्था पाहावयाची, तिसरीने सर्वांचा परस्परांशी स्नेह वाढवावयाचा. ह्यांत डोळे दिपविणारे काहीच नव्हते. तरी थोड्याच वर्षांत ही संस्था देशोदेशी पसरली.

यास्तव आमचे सांगणे असे: जो संघ आपल्या गावी दर आठवड्यास जमत नाही, त्याने शहराचा प्रवास ठरवू नये. गावांतील आजारी म्हातारीस जो तांब्याभर पाणी देत नाही, त्याने मुंबईच्या इस्पितळांत जाऊन काय द्यावे?

२. तीन दिवस नुसते पाहिले

यरुशलेमेस पोहोचल्यावर नहेम्याने काय केले? तीन दिवस तो स्वस्थ राहिला. मग थोडी माणसे बरोबर घेऊन रात्री निघाला, आणि जेथे त्याचे जनावरही पुढे जाऊ शकेना अशा जागेपर्यंत जाऊन तट कोठे पडला आहे हे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले. तोपर्यंत त्याने कोणास उपदेश केला नाही.

आमच्या संघांची येथेच चूक होते. बसमधून उतरताच आमची मुले देण्यास सुरुवात करितात: गीत देतात, खाऊ देतात, बोध देतात. परंतु ज्या वस्तींत ती जातात, तेथे राहणाऱ्यांस आपल्या दुःखाची माहिती आपल्याहून अधिक असते. पाण्याचा नळ कधी येतो, भाडे किती, कोणते पोर शाळा सोडून कामास लागले, हे त्यांस विचारल्यावाचून आपली सेवा आंधळी असते.

लंडन शहरांत सॅम्युएल बार्नेट हे पाळक व त्यांची पत्नी हेन्रिएटा व्हाइटचॅपल ह्या गरीब भागांत राहत. त्यांनी १८८४ साली तेथे टॉइन्बी हॉल उघडिला. विद्यापीठांतील तरुणांनी गरिबांस लांबून दान न पाठविता त्यांच्या शेजारी येऊन राहावे, आणि शिकविण्याइतकेच शिकावेही, असा त्यांचा उद्देश होता. ते घर पाहून गेलेल्या जेन ॲडम्स ह्या बाईंनी एलन गेट्स स्टार ह्यांच्यासह १८८९ साली शिकागो शहरांत हल हाउस सुरू केले.

हीच रीत आपल्या मुंबईतही आली. १९२५ साली अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट हिंदुस्थानांत आले. त्यांनी नागपाड्याच्या दाट वस्तींत नागपाडा नेबरहुड हाउस चालविले आणि शेजाऱ्यांची स्थिती समजून घेणे हा कामाचा पाया मानिला. काम करिता करिता त्यांस दिसून आले की, नुसत्या कळवळ्याने सेवा होत नाही. तिचे शिक्षण घ्यावे लागते. म्हणून १९३६ साली सर दोराबजी टाटा ह्यांच्या निधीच्या साह्याने समाजसेवेचे शिक्षण देणारी शाळा तेथेच सुरू झाली, आणि मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. आज जिला टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतात, ती हीच. सुशिक्षित पदवीधरांसही सेवा शिकावी लागली, तर आमच्या मुलांनी पहिले दोन दिवस ऐकण्यांत व पाहण्यांत घालविले म्हणून काय बिघडले?

३. आपल्या घरासमोरचा तट

तिसरा अध्याय वाचताना पुष्कळ जण कंटाळतात, कारण त्यांत नुसती नावे आहेत. परंतु त्या नावांतच धडा आहे. सोनार, गंधी, व्यापारी व याजक ह्यांनी तट बांधिला. शल्लूमाच्या कन्यांनीही बांधिला. आणि पुष्कळांविषयी लिहिले आहे की, त्यांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधिला.

शहरांत आपल्या मंडळीचे घर कोणते? वाचकहो, हा प्रश्न वाटतो तितका कठीण नाही. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लक्ष भरली, आणि त्यांतील दर दहा माणसांपैकी चार झोपडपट्टींत राहत होती. ह्या लोकांत खेड्यांतून पोटासाठी गेलेली किती तरी कुटुंबे आहेत. तुमच्या मंडळीच्या जुन्या हजेरीपुस्तकांत ज्यांची नावे आहेत, परंतु जी माणसे आता उपासनेस दिसत नाहीत, ती कोठे आहेत? कोणी दुष्काळांत गेले, कोणी बहिणीच्या लग्नाचे कर्ज फेडण्यास गेले, कोणी नुसते शाळा संपली म्हणून गेले. १८१३ साली मुंबईत सुरू झालेले मराठी मिशनचे काम १८३१ साली अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पोहोचले. तेव्हा सुवार्ता शहरांतून खेड्यांकडे आली. आता खेड्यांतील लेकरे शहरांत हरवत असता त्यांच्यामागे कोणी जावयास नको काय?

जॉर्ज विल्यम्स हा इंग्लंडांतील एका शेतकऱ्याचा मुलगा १८४१ साली लंडनास कापडाच्या दुकानांत नोकरीस आला. त्याच्यासारखी पुष्कळ मुले त्या दुकानांतच राहत; दिवसभर राबत, आणि रात्री वाईट संगतीस लागत. ६ जून १८४४ रोजी त्याने व त्याच्या अकरा सोबत्यांनी मिळून तरुणांची ख्रिस्ती संस्था काढिली, जिला आपण वाय. एम. सी. ए. म्हणतो. तिचा पाया कोणा शहरवासी धनिकाने घातला नाही; शहराचे एकटेपण ज्याने स्वतः सोसले अशा खेड्यांतील मुलाने घातला.

म्हणून प्रवासापूर्वी संघाने एक यादी करावी. आपल्या गावांतून शहरांत गेलेल्या प्रत्येक कुटुंबाचे नाव, पत्ता व नातेवाइकांचा निरोप तींत असावा. आठ दिवसांपैकी निदान तीन संध्याकाळ ह्या घरी जाण्यांत खर्च कराव्या. एखाद्या काकूने दार उघडून, "आमची आठवण गावास आहे का अजून?" असे विचारिले, तर तिच्याजवळ बसून तिच्या आईची खुशाली सांगणे ही भिंत रंगविण्याहून लहान सेवा नाही. ती मग जवळच्या मंडळींत जाऊ लागली, तर तुमच्या घरासमोरचा तट बांधून झाला.

४. लोकांवर भार घातला नाही

पाचव्या अध्यायांत गरिबांचे गाऱ्हाणे आहे. धान्यासाठी शेते गहाण पडली होती, मुले दास्यांत गेली होती. नहेम्याने श्रीमंतांस समोर उभे करून गहाणाच्या जमिनी परत देवविल्या. शिवाय बारा वर्षे त्याने अधिकाऱ्याचा भत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच भार फार होता.

वीस मुले एखाद्या लहान मंडळीच्या दारी उतरली, तर त्यांच्या भाकरी कोण भाजणार? फार करून ज्या बायका दिवसभर धुणीभांडी करून येतात, त्याच. मग सेवा कोणी कोणाची केली? संघाने आपली ज्वारी, तांदूळ, डाळ व तेल बरोबर न्यावे, स्वयंपाकाची पाळी मुलगे व मुली दोघांनी घ्यावी, आणि निघताना राहिलेली जागा झाडून द्यावी.

भार दुसऱ्याही प्रकारचा असतो. आजकाल बहुतेक तरुणांजवळ मोबाइल असतो, आणि वस्तींतील उघड्या पोरांचे छायाचित्र काढून ते सर्वांस दाखविण्याचा मोह होतो. गरिबास आपली गरिबी झाकण्याचा हक्क आहे. आपल्या बहिणीचे जे छायाचित्र आपण परक्यास दाखविणार नाही, तसे दुसऱ्याच्या बहिणीचे घेऊ नये. मुलांबरोबर काम करिताना दोन मोठी माणसे नेहमी हजर असावी. कोणी एकट्याने कोणत्याही बालकास बाजूस नेऊ नये. हा नियम कडक वाटला तरी तो मोडू नये.

५. परत आल्यावर

बारा वर्षांनी नहेम्या राजाकडे परत गेला. काही काळाने तो पुन्हा यरुशलेमेस आला, तेव्हा काय दिसले? लेव्यांचा वाटा त्यांस मिळत नव्हता म्हणून ते आपापल्या शेतांत निघून गेले होते, आणि शब्बाथ दिवशी बाजार भरत होता. तट उभा होता, पण आंतील नित्यक्रम मोडला होता. तेराव्या अध्यायाचे हे दुःख प्रत्येक उपदेशकाने आपल्या संघापुढे मांडावे. आठ दिवसांचा उत्साह हा तट आहे; आठवड्याची सभा ही त्यांतील वस्ती आहे. वस्ती उठली तर तट कोणासाठी?

म्हणून परतल्यावर पहिल्याच रविवारी संघाने मंडळीस हिशेब द्यावा: पैसे किती जमले, किती खर्च झाले, कोणास भेटलो, काय शिकलो. पुढे दर महिन्यास शहरांतील एका कुटुंबास पत्र किंवा फोन जावा. आणि गावांतील कामाचा क्रम असा ठेवावा:

पहिला आठवडा: शास्त्राभ्यास; प्रत्येकाने एक प्रश्न आणावा.
दुसरा आठवडा: आजारी, म्हातारे व एकटे ह्यांच्या भेटी, दोघांनी मिळून एका घरी जावे.
तिसरा आठवडा: हातांचे काम, जसे मंदिराची सफाई, विधवेच्या घराची शाकारणी, लहान मुलांचा अभ्यास घेणे.
चौथा आठवडा: नावे पुकारून समर्पणाची प्रार्थना; गैरहजर सभासदाच्या घरी त्याच दिवशी जावे.

वर्षभर हा क्रम चालला, तर पंचांनी प्रवासाची परवानगी आनंदाने द्यावी व वर्गणीही द्यावी. क्रम चालला नसेल, तर प्रेमाने सांगावे, "बाळांनो, पुढच्या वर्षी जा, आधी येथला तट पाहा."

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या गावांतून गेल्या दहा वर्षांत कोणकोण शहरास गेले? त्यांतील किती जणांचा पत्ता मंडळीजवळ आहे?
२. नहेम्या तीन दिवस का थांबला? आपण कोणाचे ऐकून घेण्यापूर्वीच बोध करू लागतो?
३. तकोवाच्या थोर लोकांनी कामास खांदा दिला नाही (३:५). आपल्या संघांत कोणते काम हलके समजून टाळिले जाते?
४. आपला संघ उद्या शहरास गेला, तर गावांतील कोणास त्याची उणीव भासेल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "कोणासही नाही" असे आले, तर संघाने आधी गावांतच कामास लागावे. आणि एखादी म्हातारी, एखादे पोर, एखादा आजारी ह्यांचे नाव कोणी घेतले, तर त्या नावांसाठी प्रार्थना करून सभा संपवावी.