मृत्यूची वेळ नेमकी सांगता येते का?

प्रश्न : टीव्हीवरच्या मालिकांत डॉक्टर प्रेताकडे एक नजर टाकतात आणि ‘खून रात्री अकरा ते साडेअकराच्या दरम्यान झाला’ असं सांगून मोकळे होतात. हे खरंच कळतं का? आणि प्रेत ओळखू येण्यापलीकडे गेलं असेल तर ते कोणाचं हे कसं ठरवतात?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अर्ध्या तासाचा हिशेब मालिकेतच शोभतो. प्रेत ताजं असेल तर शवविच्छेदन करणारे डॉक्टर अंग किती गार पडलंय, किती ताठलंय आणि रक्त खालच्या बाजूला साकळून डाग कुठे उमटलेत ते बघतात. ताठरपणा जबड्याकडून सुरू होतो, साधारण बारा तासांत सर्वांगभर पसरतो आणि मग ओसरतो. पण नागपुरात मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर असेल तर प्रेत गार पडणार कसं? म्हणून जाणता डॉक्टर एक वेळ सांगत नाही, ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं सांगतो. दोन-तीन दिवस उलटले की या खुणाही कामाच्या राहत नाहीत.

तिथून पुढे साक्ष माश्यांची. प्रेत उघड्यावर असेल तर हिरव्या-निळ्या चकचकीत माश्या थोड्याच वेळात हजर होतात आणि डोळे, नाक, तोंड, जखमा इथे अंडी घालतात. सर्वांत मोठ्या अळीचं वय काढलं की मृत्यूला किमान किती दिवस झाले ते कळतं. किमानच, कारण प्रेत पोत्यात किंवा बंद खोलीत असेल तर माश्या उशिरा पोचतात. अळीची वाढ उन्हाथंडीवर ठरत असल्यामुळे नुसते दिवस मोजून भागत नाही, रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज करावी लागते. पीक कापणीला कधी येईल हे सांगताना कृषिशास्त्रज्ञ करतात तीच ही बेरीज.

हा अंदाज किती फसू शकतो याचा नामी नमुना अमेरिकेतला. १९७७ साली टेनेसी राज्यात एक जुनी कबर उकरलेली आढळली, आत शिर नसलेलं प्रेत. मांस अजून गुलाबीसर. अस्थितज्ज्ञ विल्यम बास यांनी मृत्यू फार तर वर्षभरापूर्वीचा असावा असं सांगितलं. निघाला तो कर्नल शाय, १८६४ साली नॅशव्हिलच्या लढाईत पडलेला! मसाला भरून ओतीव लोखंडाच्या पेटीत पुरल्यामुळे प्रेत टिकलं होतं. अंदाज ११३ वर्षांनी चुकला. प्रेत कसं कुजतं याची शिस्तशीर नोंदच कुठे नाही हे बासना कळून चुकलं. नॉक्सव्हिलच्या टेनेसी विद्यापीठाने दिलेल्या जागेत १९८१ पासून त्यांनी दान आलेले देह उन्हात, सावलीत, उथळ खड्ड्यात, मोटारीत ठेवून नोंदी घ्यायला सुरुवात केली. पॅट्रिशिया कॉर्नवेल यांच्या १९९४ च्या कादंबरीमुळे ‘बॉडी फार्म’ हे नाव जगभर झालं. मात्र टेनेसीचे आकडे सगळीकडे लागू पडत नाहीत. हवा वेगळी, किडे वेगळे. ऑस्ट्रेलियाने २०१६ मध्ये सिडनीजवळ स्वतःची अशी जागा उभारली ती याचसाठी. कोकणातल्या आषाढातलं प्रेत टेनेसीच्या तक्त्यावरून वाचू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ओळखीचं. या शास्त्रातला गाजलेला खटला एका मुंबईकराचा आहे. १८९९ साली मुंबईत जन्मलेला पारशी डॉक्टर बक रक्स्टन इंग्लंडमधल्या लँकेस्टरमध्ये दवाखाना चालवायचा. सप्टेंबर १९३५ मध्ये स्कॉटलंडमधल्या मॉफट गावाजवळच्या ओढ्यात दोन स्त्रियांचे तुकडे सापडले. खुनी शरीरशास्त्र जाणणारा होता हे उघडच होतं, कारण ओळख पटेल असे भाग, एकीच्या बोटांच्या टोकांसकट, त्याने छाटून टाकले होते. पण तुकडे गुंडाळायला वापरलेलं वर्तमानपत्र त्याला भोवलं. १५ सप्टेंबरची ती खास आवृत्ती फक्त लँकेस्टर आणि आसपास विकली गेली होती. ग्लासगोचे ग्लेस्टर आणि एडिनबरोचे ब्रॅश या प्राध्यापकांनी कवटीचं छायाचित्र बेपत्ता स्त्रीच्या फोटोवर बसवून ताडून पाहिलं; कोर्टात हे तेव्हा नवंच होतं. अळ्यांचं वय १२ ते १४ दिवस निघालं. दुसरीच्या बोटांचे ठसे रक्स्टनच्या घरातल्या ठशांशी जुळले. एक लग्नाविना त्याची पत्नी म्हणून राहणारी स्त्री होती, दुसरी घरात मुलं सांभाळणारी तरुणी. मे १९३६ मध्ये मँचेस्टरच्या तुरुंगात तो फासावर गेला.

आज कवटीवर फोटो बसवण्याला पूरक पुराव्यापलीकडे किंमत नाही. भरवसा तीन गोष्टींवर : बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. जून २०२५ च्या अहमदाबाद विमान अपघातात नातेवाइकांच्या नमुन्यांशी डीएनए जुळवून देह ताब्यात दिले गेले. डीएनएला वेळ लागतो. दात मात्र आगीतही बऱ्याचदा टिकतात, आणि जुना एक्स-रे हाताशी असला तर ओळख काही तासांत पटू शकते. अडचण इतकीच की आपल्याकडे तो एक्स-रे सहसा रद्दीत गेलेला असतो. तेव्हा दंतवैद्याकडून काढलेले एक्स-रे घरच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा आणि ते कुठे आहेत हे घरात एकाला तरी सांगून ठेवा.