माया सोडून काप

म्हसवड, ता. माण, जि. सातारा

चि. सोनू,

फोनवर तू रडकुंडीला आली होतीस म्हणून जास्त बोलले नाही. आता सावकाश लिहिते. कागदी पॅटर्न आणलास, रेघेवरून नीट कापलंस, शिवलंस आणि टॉप छातीत चढेना. अगं, रेघेवरून कापलंस तिथंच चुकलं. रेघेबाहेर माया, म्हणजे शिलाईसाठी जास्तीचं कापड, सोडायची होती का, हे तू बघितलंच नाहीस.

काही पॅटर्नमध्ये माया धरूनच रेघ मारलेली असते. अमेरिकेतल्या पाकिटबंद पॅटर्नमध्ये ती बहुतेक वेळा पाच सूत असते, म्हणजे इंचाचे आठ भाग केले तर त्यातले पाच. बुर्डा मासिकातल्या नमुन्यांना माया नसायची, ती आपण आखून घ्यायची. म्हणून कागद उलगडला की आधी सूचना वाच, कात्री लांब ठेव. बाणाची खूण असते, तो बाण कापडाच्या काठाला समांतर आला पाहिजे, म्हणजे उभा धागा अंगावर उभाच पडतो. 'घडीवर' असं लिहिलेली कड घडीवरच ठेवायची, नाहीतर अखंड पाठीऐवजी दोन तुकडे हातात येतात. मुंढ्याजवळच्या खाचा कापडावर उतरवून घे. बाहीची पुढची बाजू कुठली, हे त्या खाचाच सांगतात.

माझ्या पहिल्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या झाल्या होत्या. फुलाफुलांचं छापील वायल होतं, त्यामुळं उलटं करूनही लावता येईना. दुसरा तुकडा आणायला घरात पैसे नव्हते. आई काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. कापड सुलट बाजू आत घेऊन दुहेरी घालायचं आणि दोन्ही बाह्या एकदम कापायच्या, हे त्या दिवसापासून माझ्या हाताला कायमचं कळलं.

कागदावर विश्वास ठेव, पण तो तुझ्यासाठी काढलेला नाही हेही ध्यानात ठेव. मॅसॅच्युसेट्समधल्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्यानं १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले, तेव्हापासून घरोघरच्या बायकांची सोय झाली. पण ती मापं तक्त्यातली. तुझी छाती ३६ आहे म्हणून तू ३६ चा कागद घेतलास. तुझे खांदे मात्र आपल्या घरातल्या सगळ्यांसारखे उतरते आहेत आणि पाठ लांब आहे. ते तक्त्याला कसं कळावं? कापायच्या आधी टेप घेऊन कागद मोज, मग स्वतःला मोज, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिही. टक्सचं टोक नेमकं कुठं येतं तेही बघ.

ब्लाउजचं आमचं गणित साधं आहे. छाती ३६, चौथाई ९, त्यात अर्धा इंच लूजिंग आणि दीड इंच माया, झाले ११. गणित म्हटलं की तू हात झटकतेस, म्हणून आपल्याच गावातल्या गोष्टीची आठवण करून देते. माणदेशी बँकेसाठी बायकांनी अर्ज केला, तेव्हा सह्या न येणाऱ्या बायका सभासद आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला. बायका परत येऊन लिहा-वाचायला बसल्या. मग बँक काढू पाहणाऱ्या चेतना सिन्हांबरोबर पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, कॅल्क्युलेटर न घेता सांगतो. १९९७ साली बँक उभी राहिली. पुढं बायकांना धंदा शिकवणारी उद्योगिनी शाळा निघाली, बस घेऊन गावोगाव फिरली, आणि किती जणींनी तिथं मशीनवर पाय ठेवला. त्या तोंडी व्याज काढत होत्या, तुला ३६ ची चौथाई काढायची आहे.

आता पुढच्या वेळचं सांगते. सुती कापड रात्रभर भिजव, सावलीत वाळव, इस्त्री कर, मगच कागद ठेव. नवं कापड आधी आटलं नाही तर पहिल्या धुण्यात आटतं. पन्हा मोजून घे. आणि चांगल्या कापडाला हात लावायच्या आधी मांजरपाटाचा नाहीतर जुन्या साडीचा कच्चा टॉप शिव, मशीनवर टाका सगळ्यात मोठा ठेवून. घालून बघ, हात वर कर, खाली वाक. जिथं ओढतंय तिथं खडूनं खूण कर, उसव, पुन्हा शिव. उसवायची लाज धरू नकोस. माझ्या मशीनच्या खणात सुईच्या पाकिटाशेजारी अर्धं ब्लेड कायम असतं. ज्या दिवशी धागा न ताणता, कापडाला इजा न करता शिलाई उसवता आली, त्या दिवशी मला वाटलं की आता आपल्याला शिवण येतं. माया असली की उसवून सैल करता येतं. ती नसली की उसवून काही उपयोग नाही, हे तू आत्ताच बघितलंस.

तरीही तो टॉप टाकू नकोस. तुझी पणजी गुळेदगुड्डच्या खणाची चोळी हातानं शिवायची. तिच्यापाशी कागद नव्हता, टेप नव्हता, वीत आणि चार बोटं एवढंच माप. घट्ट झालं की काखेत तिरका तुकडा जोडायची, आणि हात मोकळा व्हायचा. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाला येशील तेव्हा टॉप घेऊन ये, दोन्ही बाजूंना काखेपासून खाली जोड देऊन बघू. कापताना उरलेल्या चिंध्या केरात गेल्या नसतील तर त्याही पिशवीत घाल, रंग त्याच कापडाचा लागेल.

तुझी
आत्या